पंचविसाव्या मिनिटाचा वारा

धुलाचौरच्या माणसाला नेपाळगंज किती लांब म्हणून विचारलं, तर तो कोस सांगत नाही की मैल सांगत नाही. "अडतीस मिनिटं," असं तोऱ्यात सांगतो, जसं काही विमान त्याच्या गोठ्यातच बांधलेलं असतं. आता ही अडतीस मिनिटं विमानाची. माणसाच्या पायांना तेवढ्याच वाटेला नऊ दिवस लागतात. त्यातून पौष-माघात घाटावर बर्फ साचलं की कच्ची सडक बंद होते, आणि मग ते नऊ दिवसही कामाचे नाहीत. पण विमान आलं तेव्हापासून पायांचा हिशेब गावाने सोडूनच दिला होता.

गावाला ही सवय लावली ती कर्णबीर रोकायाने. कर्णबीर म्हणजे विमानतळावर सायरन वाजवणारा माणूस. सत्तावीस वर्षांपूर्वी धावपट्टीवरचे दगड वेचायला म्हणून लागला, तो तिथलाच झाला. नेपाळगंजहून विमान उडाल्याचं रेडिओवर कळलं की तो मनगटावरचं घड्याळ बघायचा. तिसाव्या मिनिटाला सायरन द्यायचा, पट्टीवरची खेचरं, बकऱ्या आणि गप्पा छाटत उभे राहिलेले पुढारी यांना एकाच शिवीत हाकलायचा, आणि अडतिसाव्या मिनिटाला चाकं टेकायची. स्वतः मात्र तो एकदाही विमानात बसला नव्हता. कुणी डिवचलंच तर म्हणायचा, "मी वर गेलो तर खालचा वारा कोण सांगणार? तुझा मामा?"

आणि ती नुसती बढाई नव्हती. धुलाचौरची पट्टी तिरपी चढत जाते आणि तिच्या वरच्या टोकाला उभा कडा आहे. विमान खालच्या टोकाकडून येतं आणि चढावर उतरतं. उतरता उतरता बेत बदलायची सोय नाही. सकाळी हवा गप्प असते. ऊन चढलं की दरीतून वारा वर निघतो, मावळतीपर्यंत जोर धरतो आणि उतरणाऱ्या विमानाला मागून ढकलतो. वारा मोजायचं यंत्र आहे, पण ते वर टॉवरच्या छपरावर. खाली, जिथे चाकं टेकतात तिथे, काय चाललंय ते त्या यंत्राला कळत नाही. ते कर्णबीरला कळायचं. तो खालच्या टोकाला उभा राहून खिशातून फापराच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाची चिमूट काढायचा आणि खांद्याच्या उंचीवरून सोडायचा. पीठ पायाशी पडलं तर उत्तम. हातातली काठी जमिनीवर आडवी टाकून तेवढ्या लांबीत पडलं तरी चालेल. काठीच्या पलीकडे गेलं, की वॉकीटॉकीवर त्याचा एकच शब्द जायचा. "नको."

हा शब्द पंचविसाव्या मिनिटाच्या आत जावा लागे. पंचविसाव्या मिनिटाला विमान खोऱ्याच्या तोंडाशी येतं, आणि एकदा आत शिरलं की दरी इतकी अरुंद, की वळायला जागा नाही. म्हणून वैमानिक तिथेच विचारायचा, टॉवरमधले चौधरी सर ते कर्णबीरला विचारायचे, आणि कर्णबीर जे सांगेल ते ब्रह्मवाक्य. एका ठेकेदाराचा माल यायचा होता, तेव्हा दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, तोंडावर त्याने कर्णबीरच्या दारात बोकड आणून बांधला. कर्णबीरने विमानही परत पाठवलं आणि बोकडही. बोकड जाताना दारचा मुळा तेवढा खाऊन गेला.

असा माणूस. बायको आठ वर्षांपूर्वी तापाने गेली. मुलगी एकच, नंदकली. ती वरच्या वाडीत दिलेली, सासूचं नाव रतनसरा. जावई कतारला, म्हणजे कर्णबीरच्या भाषेत पाच तासांवर. मुलीला पहिल्यांदाच दिवस गेले होते, आणि आठव्या महिन्यात आरोग्यचौकीतल्या दिलसरी नर्सने तिचं पोट चाचपून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि तडक विमानतळ गाठला.

"दाइ, मूल आडवं आहे," ती म्हणाली. दाइ म्हणजे थोरला भाऊ; कर्णबीरला सगळे तशीच हाक मारत. "पौषाच्या पंधरा तारखेच्या आत तिला खाली न्या. खोली घ्या आणि बाळंतपणापर्यंत तिथेच राहू दे."

"पंधरा तारखेला? आणि संक्रांत?"

"संक्रांत दर वर्षी येते."

"अगं, किती घाबरवशील! अडतीस मिनिटं. इथे चुलीवर ठेवलेला चहा उतू जायच्या आत पोरगी नेपाळगंजला. कळा सुरू झाल्या की बसवतो विमानात."

"अडतीस मिनिटं विमानाची, दाइ. विमान आलं तर."

"सत्तावीस वर्षं मी विमानं उतरवतोय की तू?"

दिलसरी गप्प झाली. लहान वयाच्या माणसाला मोठ्या वयाचा माणूस असाच गप्प करतो, आणि वर त्याला अनुभव म्हणतो. रतनसरालाही सून घरी राहिलेली बरीच होती. नंदकलीने बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बा म्हणतात तर राहते." झालं. संक्रांतीला, म्हणजे तिकडच्या माघाच्या पहिल्या दिवशी, सगळ्यांनी तूप आणि उकडलेले कंद पोटभर खाल्ले. कर्णबीरने मुलीच्या डोक्याला तेल लावून आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिचं पाणी गेलं. दिलसरी पोचली तेव्हा बाळाचा हात आधी बाहेर आला होता.

"इथे माझ्याच्याने व्हायचं नाही," ती कर्णबीरला म्हणाली. या वेळी तिने दाइ म्हटलं नाही. "पोट चिरावं लागेल. दुपारच्या आत खाली पोचली पाहिजे."

चौघांनी नंदकलीला खाटेवर घालून विमानतळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणलं. सकाळचे सात वाजले होते. धुलाचौरला आकाश घासून पुसून ठेवल्यासारखं निळं होतं आणि वाऱ्याची पिशवी खांबाला लोंबत होती. यापेक्षा चांगली हवा कर्णबीरने मागितली नसती. पण खाली नेपाळगंजवर धुकं बसलं होतं. माघात बसतंच. समोरचं विमान दिसेना म्हणून तिथून काहीच उडत नव्हतं. हेलिकॉप्टरलाही फोन झाला. ते त्याच धुक्यात अडकलेलं.

आठ वाजले. नऊ वाजले. कर्णबीर टॉवर ते शेड अशा येरझाऱ्या घालत होता. दर खेपेला दिलसरी नळी पोटाला लावून ऐकायची आणि मान हलवायची. ठोके होते.

"बा," नंदकलीने एकदा विचारलं, "उडालं का?"

"उडेल. धुकं उठलं की उडेल."

"तुम्ही म्हणाला होतात ना, अडतीस मिनिटं."

ती टोमणा मारत नव्हती. तिला धीर हवा होता. कर्णबीरला मात्र तिथे उभं राहवेना. आयुष्यभर मिरवलेला आकडा कुणीतरी तोंडात कोंबावा तसं त्याला झालं. तो बाहेर आला आणि शेडच्या मागे जाऊन रडला. मग तोंड धुऊन पुन्हा टॉवरच्या पायऱ्या चढला.

दहा सत्तेचाळीसला चौधरी सर खिडकीतून ओरडले, "दाइ, उडालं!"

शेडमधल्या बायकांनी हात जोडले. कर्णबीरने घड्याळ पाहिलं. अकरा पंचवीसला चाकं टेकायला हवीत. आणि वारा निघायचा तो अकराच्या पुढेमागे. काठी, वॉकीटॉकी आणि पिठाचा खिसा घेऊन तो खालच्या टोकाकडे पळत सुटला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस उतारावरून दोनदा पडला.

अकरा वाजता पहिली चिमूट सोडली. पीठ पायाशी पडलं. अकरा वाजून सहा मिनिटांनी ते काठीच्या मधोमध पडलं. मागून दम टाकत रतनसरा येऊन उभी राहिली. तिला शेडमध्ये सुनेचं कण्हणं ऐकवत नव्हतं.

"कसं आहे, समधी?" तिने व्याह्याला विचारलं.

"चालेल अजून."

अकरा दहाला चिमूट सोडली आणि पीठ काठीच्या पलीकडे, हातभर पलीकडे गेलं. दरीच्या तळाशी धुळीची एक रेघ उठून वर सरकत होती. कर्णबीरने ती पाहिली. रतनसराने पाहिली नाही. ती पिठाकडे बघत होती.

"पुन्हा टाका," ती म्हणाली.

त्याने पुन्हा टाकली. एकाएकी सगळं शांत झालं होतं. पीठ सरळ खाली आलं आणि त्याच्या बुटावर पडलं.

"पडलं! पायाशी पडलं!" रतनसरा ओरडली. "सांगा त्यांना, समधी, सांगा!"

त्याच वेळी वॉकीटॉकी खरखरली. "दाइ, विमान खोऱ्याच्या तोंडाशी आहे. वारा?"

पीठ बुटावर होतं. ते खोटं नव्हतं. 'पायाशी' एवढं जरी तो म्हणाला असता तरी ते खरंच ठरलं असतं, आणि त्याला कुणी कधी खोटारडा म्हणू शकलं नसतं. पण वारा जोर करण्याआधी असा दम घेतो, हे सत्तावीस वर्षं त्या टोकाला उभा राहिलेला माणूस ओळखून होता. दम किती वेळाचा, ते मात्र त्यालाही सांगता आलं नसतं. कधी अर्धं मिनिट, कधी पंधरा मिनिटं. विमानाला अजून तेरा मिनिटं हवी होती.

शेडमध्ये त्याची एकुलती एक मुलगी होती. विमानात कोण होतं ते त्याला माहीत नव्हतं. चौदा प्रवासी, दोन वैमानिक, एवढंच. त्यांच्याशी त्याचं नातं काय? काही नाही. त्याच्या मनात आलं की म्हणावं, उतरा. एवढं एकदा म्हणावं. सत्तावीस वर्षांत एकदा.

"दाइ? वारा सांगा."

"नको," कर्णबीर म्हणाला.

मग चौधरी सर हळू म्हणाले, "दाइ, तुमची नंदकली इथे..."

"मला सांगता, ती कुठे आहे ते? नको म्हटलं ना! परत पाठवा त्यांना!"

रतनसराने त्याच्या हातातली काठी हिसकावून दरीत भिरकावली. मग ती मटकन खाली बसली आणि कपाळ बडवू लागली. "माझ्या सुनेला तिच्या बापाने मारलं," असं ती जे म्हणू लागली, ते शेडपर्यंत जाईतो म्हणतच राहिली. नंदकलीने ते ऐकलं.

आता जे सांगायचं ते सांगणाऱ्यालाही जड जातं. अकरा पंचवीसला, ठीक ज्या मिनिटाला चाकं टेकायची होती त्या मिनिटाला, धुलाचौरच्या पट्टीवर वारा नव्हता. पिशवी खांबाला चिकटून लोंबत होती. अख्ख्या गावाने पाहिलं. चार मिनिटं ती तशीच होती. साडेअकराला जो वारा सुटला त्याने शेडचा एक पत्रा उचलला, पण तोवर माणसांनी बघायचं ते बघून घेतलं होतं. "उतरलं असतं," लोक म्हणाले. कर्णबीरच्या तोंडावर म्हणाले. तो नाही म्हणाला नाही.

संध्याकाळी दिलसरीने पोटाला नळी लावली आणि फार वेळ ऐकत राहिली. जागा बदलून पुन्हा ऐकलं. मग नळी गुंडाळून पिशवीत ठेवली आणि नंदकलीचे केस मागे सारले. कुणालाही काही विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. पावणेआठलाच विमान आलं. सोबत कोण जाणार, तर रतनसरा म्हणाली, "ज्याने परत पाठवलं त्यानेच न्यावं." कर्णबीर आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला. जमिनीवर अंथरलेल्या स्ट्रेचरशेजारी वाकून त्याने मुलीचा हात धरला. त्या हातात ताप होता, ओळख नव्हती. तेराव्या मिनिटाला दोन्ही बाजूंचे कडे मागे सरले आणि खोरं एकदम उघडलं. काल विमान इथूनच मागे फिरलं होतं. तो खिडकीकडे बघायचं टाळू शकला असता, पण त्याने पाहिलं.

नेपाळगंजच्या इस्पितळात नंदकली वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर हीदेखील हाती लागली नसती. बाळ मुलगा होता. कर्णबीरने त्याला राप्ती नदीच्या काठी पुरलं.

वीस दिवस बापलेक इस्पितळाजवळच्या खोलीत राहिले. तो भात रांधायचा, ती थोडा खायची. औषध दिलं की घ्यायची. बोलायची नाही. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी घरी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी कर्णबीर म्हणाला, "मी चौधरी सरांना फोन केलाय. आता ते काम मी करणार नाही. पट्टीवरचा दुसरा गडी आहे ना, डम्बरे, तो करेल."

नंदकली भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच पडून तिने विचारलं, "त्या विमानात कोण होतं?"

कर्णबीरने नंतर यादी विचारून घेतली होती. ती त्याला पाठ होती. "शाळेचा एक मास्तर. बाकी घरी परतणारे. एक बाई होती, कडेवर पोर घेतलेली."

"केवढं पोर?"

"दात येत होते म्हणे."

ती उठून बसली. पोटावरचे टाके ओढले गेले तसं तिने तोंड वाकडं केलं. "पौषात मला घरी ठेवून घेतलंत ते चुकलं तुमचं," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही, बा."

"नको विसरूस."

"आणि दुसरं बरोबर केलंत असं माझ्या तोंडून ऐकायचं असेल, तर मला ते म्हणता येत नाही. मी आई आहे त्याची. होते."

कर्णबीर रडू लागला. तिने त्याला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग विचारलं, "डम्बरेची पोरगी शेडमध्ये पडलेली असती, तर डम्बरेने काय सांगितलं असतं?"

"उतरा म्हणाला असता. कुणीही म्हणाला असता."

"मग मी नाही येत डम्बरेच्या भरवशावर. तुम्ही उद्याच्या विमानाने पुढे व्हा. तुम्ही खाली उभे आहात असं कळलं की मी त्याच्यानंतरच्या विमानात बसेन. त्याशिवाय नाही."

"तू एकटी?"

"इस्पितळातली बाई आणून बसवेल. अडतीस मिनिटांचाच तर प्रश्न आहे." या वेळी तो टोमणाच होता, आणि तो त्याने गुमान घेतला.

कर्णबीर पुढे गेला. गावात कुणी त्याच्याशी धड बोललं नाही, पण वॉकीटॉकी त्याच्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी नेपाळगंजला पुन्हा धुकं होतं. विमान उशिरा उडालं. रतनसरा सुनेसाठी लोकरीची शाल घेऊन शेडमध्ये येऊन बसली होती. तीन आठवड्यांत तीही अर्धी झाली होती.

नव्या काठीने तो खालच्या टोकाला उभा राहिला. विमान उडाल्यापासून विसाव्या मिनिटाला पीठ काठीच्या टोकाशी पडलं. चोविसाव्या मिनिटाला पलीकडे गेलं. त्याने पुन्हा चिमूट सोडली नाही.

"दाइ, खोऱ्याच्या तोंडाशी आलंय. वारा?"

"नको."

"दाइ, नंदकली आहे यात. पोरीने पुन्हा तेवढाच हेलपाटा..."

"माहीत आहे. परत पाठवा."

वर शेडमध्ये रतनसराला ते कळलं. शालीची घडी मोडली होती, ती पुन्हा घालून ती घराकडे निघाली.

दिवेलागणीला फोन वाजला. कर्णबीर चुलीपुढे बसला होता, पण चूल पेटवली नव्हती. त्याने फोन कानाला लावला.

"बा, पंचवीस मिनिटं जाऊन परत आलो आम्ही," नंदकली म्हणाली. "माझ्या शेजारी एक दुकानदार होता. वारा सांगणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तोंड सांभाळ. तो माझा बाप आहे."

पलीकडून कुठल्याशा रिक्षाचा भोंगा ऐकू आला आणि थांबला.

"बा, जेवलात का?"

"नाही अजून."

"मग चूल पेटवा आणि जेवा," ती म्हणाली. "मी उद्या येते."